चौथी सुप्रमा

निवृत्त झालेला मराठी माणूस एकतर सोसायटीच्या कमिटीत शिरतो, नाहीतर नर्मदा परिक्रमेला निघतो. या दोन्हींतून जो वाचतो तो अलीकडे कॅराव्हॅनच्या नादी लागतो. पलंग, शेगडी, संडास असं सगळं घरच चाकांवर चढवायचं आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून कोकणातून दक्षिणेला निघायचं, असा बेत. कोथरूड, डोंबिवली, नाशिकचा कॉलेज रोड, कुठेही जा, चार इमारतींमागे असा एक तरी गृहस्थ सापडतोच. ओळखायची खूण सोपी आहे. रस्त्यात टेम्पो ट्रॅव्हलर उभी दिसली की हा मागच्या चाकापासून बंपरपर्यंतचं अंतर पावलांनी मोजतो. खिशात टायरची हवा मोजायचं मीटर असतं. बोलताना 'आपली गाडी' म्हणतो. गाडी अर्थातच नसते.

आमच्या इमारतीतले नाना हे त्यातलं अस्सल वाण. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. त्या खात्यात कुठलंही काम आधी अंदाजपत्रकात होतं. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता. तोवर सिमेंट महागतं, कालवा लांबतो, आणि सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागते. खात्यात तिला सुप्रमा म्हणतात. एखाद्या धरणाच्या दोन-तीन सुप्रमा झाल्या तरी पाणी शेतापर्यंत पोचलेलं नसतं, पण फाइल मात्र भरदार झालेली असते, आणि भरदार फाइलीकडे बघून अभियंत्याला जे समाधान मिळतं ते शेतकऱ्याला कळायचं नाही.

नानांची सहलही याच वाटेनं गेली. मूळ आराखडा मांडव्यापासून रेडीपर्यंतचा, आठ दिवसांचा. 'रेडीपर्यंत आलोच आहोत तर' या तत्त्वावर पहिल्या सुप्रमेत गोवा, कारवार आणि गोकर्ण आलं. दुसरीत कन्याकुमारी. कन्याकुमारीला पोचल्यावर त्याच रस्त्यानं परत यायचं हे नानांच्या बुद्धीला पटेना, म्हणून तिसरीत पूर्व किनारा धरून रामेश्वर, पुदुच्चेरी, पुरी असं करत बंगालमधल्या दिघ्यापर्यंत मजल गेली. गाडी अजून इमारतीच्या फाटकातूनसुद्धा बाहेर पडली नव्हती. पडणार कशी? ती घ्यायची होती.

घरात तांत्रिक मान्यता नाना स्वतःच देतात. प्रशासकीय मान्यता काकूंकडे असते आणि तिथे फाइल शेरा मारून परत येते. पहिला शेरा स्वयंपाकघरावर होता. नानांनी कौतुकानं दोन शेगड्यांचा ओटा, घडीचं टेबल आणि छोटा फ्रिज दाखवला, तेव्हा काकू म्हणाल्या, "छत्तीस वर्षं एका ओट्यापुढे उभी राहिले. आता गावोगावी जाऊन उभी राहू? मालवणला जाऊनही भाकरी मीच थापायची असेल तर मालवणनं काय केलं?" नानांनी टिपण लिहिलं : 'स्वयंपाक : पर्यायी व्यवस्था तपासणे.'

दुसरा शेरा संडासावर. या गाड्यांमध्ये संडासाखाली एक पेटी असते आणि भरली की ती ओढून काढून कुठेतरी रिकामी करावी लागते. त्या 'कुठेतरी'वर काकूंनी बोट ठेवलं. नाना म्हणाले, सार्वजनिक शौचालयं आहेत की. "म्हणजे ती पेटी हातात घेऊन गणपतीपुळ्यात मी शौचालय शोधत फिरायचं?" नाना म्हणाले, तू नाही, मी. काकू म्हणाल्या, "घरातला बल्ब बदलायला तुम्हांला आठवण करावी लागते." विषय तिथेच थांबला.

तरी नाना खचले नाहीत. प्रत्यक्ष चाचणी घ्यायचं ठरलं. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवून त्यांनी फरशीवर खडूनं गाडीचा नकाशा काढला. आतून लांबी चौदा फूट, रुंदी सहा फूट. पुढे ड्रायव्हरची जागा, मध्ये बाक, मागे पलंग, कोपऱ्यात न्हाणी-संडास. दार डाव्या अंगाला, कारण उजवीकडे रहदारी. रेघेबाहेर पाय टाकायचा नाही हा नियम. नाना 'पुढच्या सीट'वर बसून पेपर वाचत, 'पलंगा'वर सतरंजी टाकून वामकुक्षी घेत. काकूंनी सरळ हात लांब करून चहा दिला तर घेत नसत. "तिथे खिडकी आहे. दारानं ये." दुसऱ्या सकाळी फरशी पुसायला मावशी आल्या आणि फडक्याच्या एका हातासरशी त्यांनी अर्धी न्हाणी साफ केली. नाना ओरडले, "अहो, संडास गेला!" मावशी बादली टाकून बाथरूमकडे धावल्या. त्यानंतर नकाशा चिकटपट्टीनं आखला गेला. तो अजून आहे. पाहुणे आले की नाना त्यांना आधी 'ड्रायव्हरच्या मागे' बसवतात.

पाण्याचा हिशेब निघाला तेव्हा नानांना खरा चेव चढला. हा त्यांचाच प्रांत. भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं हा मापदंड त्यांना पाठ. गाडीच्या टाकीत मावणार दीडशे. म्हणजे मापदंडाप्रमाणे नानांची आंघोळ झाली की काकूंना तोंड धुण्यापुरतं पाणी उरणार. मग नाना घरीच बादलीत मोजून तांबे घेऊ लागले आणि रोज एक कमी करत गेले. बाथरूममधून "सात!" "सहा!" असे आकडे ऐकू यायचे. काकूंनी विचारलं, "मी डोक्यावरून न्हाणार त्या दिवशी गाडी विहिरीवर थांबवणार का?" नानांच्या कोष्टकात 'केस' असा एक नवा रकाना आला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की नानांना कोकणाची माहिती नाही. तसं मुळीच नाही. सागरी महामार्गावर खाड्यांमुळे कुठे कुठे तुटल्यासारखं होतं ते त्यांना तोंडपाठ आहे. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला गाडी फेरीबोटीत घालून कसं पलीकडे जायचं हे ते झोपेत सांगतील. आंजर्ल्यासारख्या गावातल्या आळ्या, दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे, वर वाकलेल्या पोफळी, लोंबणाऱ्या विजेच्या तारा, यांतून तीन मीटर उंचीची गाडी कशी जाईल याची त्यांनी आकृती काढली आहे. छपरावरच्या सोलर पॅनेलवर नारळ पडला तर ती नैसर्गिक आपत्ती की बागेच्या मालकाची जबाबदारी, असं पत्र त्यांनी एका विमा कंपनीला पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. मला तर त्या पत्राचं उत्तर वाचायची अजून आशा आहे.

त्यांचा सगळ्यांत जिवाभावाचा विषय म्हणजे दाभोळची जेटी. ओहोटीला पाणी खाली गेलं की धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यामध्ये कोन पडतो आणि लांब गाडीचं मागचं बूड घासायची भीती असते. नानांनी त्यासाठी फोनवर भरती-ओहोटीची तीन अॅप घेतली. तिघांच्या वेळा जुळेनात म्हणून त्यांनी सरासरी काढली आणि खात्री करून घ्यायला थेट जेटीवर फोन लावला. पलीकडच्या तिकीटवाल्यानं विचारलं, "आज तिथी कुठली?"

"पंचमी."

"मग पावणेचारला भरती. तिथीची पाऊणपट करायची. आमच्यात पोरंटोरं सांगतात."

नानांनी तीन अॅपची सरासरी पाहिली. फरक दहा मिनिटांचाही नव्हता. तेव्हापासून ते कालनिर्णय घेऊन बसतात आणि पंधरवड्याला एकदा तरी त्या माणसाला फोन करतात. परवा त्यानं न राहवून विचारलं, "साहेब, गाडी केवढी आहे तुमची?" नाना म्हणाले, "अजून घ्यायची आहे." पलीकडे क्षणभर बोटीच्या इंजिनाचाच आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "घ्या सावकाश. खाडी काय पळत नाही."

कायद्याची बाजू तर चोख. साधी ट्रॅव्हलर विकत घेऊन गल्लीतल्या सुताराकडून आत पलंग ठोकून घेता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि नानांनी ते ओळखीच्या चार सुतारांना वाचून दाखवलं आहे. राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा त्याची प्रत काढून त्यांनी बाइंडिंग केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साध्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोंच्या आतलं प्रवासी किंवा मालवाहू वाहनही चालवता येईल असं मान्य केलं, त्या संध्याकाळी नानांनी इमारतीत पेढे वाटले. निकाल जणू त्यांच्याच अर्जावर लागला होता. काकू पेढा घेताना एवढंच म्हणाल्या, "मारुती मागे घेताना अजून वॉचमनला हाक मारतात."

एवढी तयारी झाल्यावर निघायचं कधी? इथे या जातीचं खरं कसब दिसतं. जून ते सप्टेंबर पावसाळा, शिवाय जून-जुलैमध्ये मासेमारी बंद, मग कोकणात जाऊन खायचं काय? मग श्रावण. मग गणपती, तेव्हा कोकणच्या रस्त्यावर शहाण्यानं जाऊ नये. नवरात्रात घरी घट. नोव्हेंबरात पेन्शनवाल्याला आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. डिसेंबर-जानेवारीत मुलगा अमेरिकेहून येतो. मार्चमध्ये करांचे कागद. एप्रिल-मे हापूस आणि गर्दी. राहता राहिला फेब्रुवारी. हवा उत्तम, वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे निघालेली. पण फेब्रुवारीला दिवस अठ्ठावीस, फार तर एकोणतीस, आणि तिसऱ्या सुप्रमेप्रमाणे प्रवास त्रेसष्ट दिवसांचा.

मध्यंतरी भाच्यानं चांगल्या मनानं एक घोळ घातला. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, बँकेत जायला नको, असं त्यानं दोन मिनिटांत करून दाखवलं. नोव्हेंबर एकदम मोकळा झाला. नाना दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांना आठवलं की नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं येतात. चेहऱ्यावर तेज परत आलं.

तळमजल्यावर एक जोशीबुवा राहतात. त्यांची जुनी वॅगनआर. शुक्रवारी डबा भरून निघाले, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालून तासाभरात मांडव्याला उतरले, मुरूड-दिवेआगर करत सोमवारी संध्याकाळी परत. अंगाला वाळू, डिकीत सोडे आणि कोकमं. नानांना सांगायला आले तर नाना शांतपणे म्हणाले, "त्याला फिरणं म्हणत नाहीत, जोशी. ते जाऊन येणं झालं."

आणि मग किनाराच लांबला. शाळेत आपण सगळे देशाचा किनारा साडेसात हजार किलोमीटर असं घोकलेले. महाराष्ट्राचा ७२०. नव्या मोजणीत देशाचा किनारा ११,०९८ किलोमीटर भरला आणि महाराष्ट्राचा जवळजवळ ८७८. समुद्र कुठे गेला-आला नव्हता. पूर्वी ढोबळ नकाशावर मोजलं होतं, आता बारकाईच्या नकाशावर प्रत्येक खाडी, प्रत्येक वळसा धरला. नानांनी ही बातमी वाचली तेव्हा मी समोरच होतो. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारता. नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आता सगळा अंदाज परत करावा लागणार." असा सुखी माणूस मी लग्नाच्या मांडवातही पाहिलेला नाही. चौथ्या सुप्रमेचं काम त्याच दुपारी सुरू झालं. यात गुजरातही आलं, कारण नव्या आकड्याप्रमाणे राज्यांत सर्वांत लांब किनारा त्यांचा, आणि तोच गाळायचा हे अन्यायाचं.

काकू या वेळी शेरा मारायला थांबल्या नाहीत. फेब्रुवारीत भजनी मंडळाच्या पंधरा बायकांबरोबर त्या कोकणात जाऊन आल्या. गाडी कुठली, तर सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर. हरिहरेश्वर, वेश्वीची बोट, वेळासची कासवं, हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव (मंडळातल्या निम्म्या बायका मासे खाणाऱ्या निघाल्या, ही सहलीतली मोठी बातमी), दाभोळची जेटी, गुहागर, गणपतीपुळे. पाच दिवसांत परत.

नाना कागद-पेन घेऊन तयारच होते. "धोपाव्याला उतरताना गाडीचं बूड घासलं का?"

"काय माहीत. आम्ही अंताक्षरीत होतो."

"आंजर्ल्याच्या वळणावर रिव्हर्स किती वेळा घ्यावा लागला?"

"ड्रायव्हर पोरगा होता चोवीस वर्षांचा. एका हातात वडापाव होता त्याच्या. वळली गाडी."

"पाणी? पाण्याचं काय केलंत?"

"लोकांच्या घरी उतरलो. मोरीत नळ होता."

नानांनी तिन्ही रकान्यांत 'माहिती अप्राप्त' असं लिहिलं. काकूंनी पिशवीतून आमसुलं काढून डब्यात भरली आणि पाठ फिरवूनच म्हणाल्या, "पुढल्या फेब्रुवारीत गोकर्णला चाललोय. एक सीट रिकामी आहे. मंडळाची मान्यता घेतलीय मी तुमच्यासाठी. येता का?"

नानांनी पेनचं टोपण लावलं. परत काढलं. "सीट कुठली?"

"मागची."

"मागच्या चाकाच्या पुढे की मागे?"

काकूंनी उत्तराऐवजी ड्रायव्हरचा नंबर दिला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, त्यांवरून तो कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला ते कळतं. नानांनी फोन लावून सगळ्या टायरांचे ते आकडे विचारले. पलीकडचा पोरगा बहुतेक जेवत होता. म्हणाला, "काका, गोल आहेत सगळे. तुमचं नाव लिहू का?"

"कळवतो," नाना म्हणाले.