शाळा किती टक्के अपंग?

जन्माचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला हे सगळे झाले की काही मुलांच्या वाट्याला आणखी एक दाखला येतो: टक्क्याचा. सिव्हिल हॉस्पिटलातलं बोर्ड मुलाला चालायला लावतं, वाकायला लावतं, कानाला यंत्र लावतं आणि आकडा काढतं. चाळीस भरले तर कायद्याच्या भाषेत 'लक्षणीय दिव्यांगत्व', सवलती सुरू. एकोणचाळीस आले तर 'तुझं तसं बरंच आहे की!' 2016च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. त्याच्या आदल्या वर्षी 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला होताच. म्हणजे मोजण्यात आणि नाव ठेवण्यात आपण कुठेही कमी पडलेलो नाही. फक्त एक मोजमाप राहून गेलं. मूल ज्या शाळेत जाणार ती शाळा किती टक्के अपंग आहे, हे कुणी तपासत नाही. तेव्हा शाळांना आणि आयटीआयनाही बोर्डापुढे उभं करावं आणि निघालेला टक्का फाटकावर ठळक रंगवावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

तपासणी पायऱ्यांपासून सुरू करू. वर्गाला तीन पायऱ्या, प्रत्येक पंधरा सेंटिमीटरची. म्हणजे ओटा पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. उताराचं ठरलेलं प्रमाण एकास बारा, त्यामुळे रॅम्प हवा 5.4 मीटर लांब. तो पुष्कळदा पायऱ्यांच्या बगलेत मावेल एवढाच बांधतात. त्यावरून चाकाची खुर्ची वर चढत नाही, खाली मात्र फार वेगाने येते. पण तपासणीच्या कागदावर 'रॅम्प : आहे' अशी नोंद होते, आणि 'आहे' या शब्दाला उतार नसतो. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाचं दार मुद्दाम रुंद ठेवलेलं असतं, म्हणून मोडकी बाकं आत सहज जातात. याच शाळेत मतदान केंद्र असलं की चमत्कार होतो. निवडणूक आयोगाच्या सूचना येतात, त्यामागून रॅम्प येतो, चाकाची खुर्ची येते, ती ढकलायला स्वयंसेवकही येतो. अठराव्या वर्षी मत द्यायला आलात तर या बसा. सहाव्या वर्षी दप्तर घेऊन आलात तर त्या तीन पायऱ्या. तेव्हा 'सोय करणं शक्य नाही' हे आमच्यापुढे कुणी बोलू नये. मतदानाच्या दिवशी ती शक्य असते.

टक्क्याच्या हिशेबाची खरी करामत मात्र व्यावसायिक शिक्षणात. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला एमबीबीएसला जायचं होतं. वाचा आणि भाषा या प्रकारातलं त्याचं दिव्यांगत्व 44 ते 45 टक्के. राखीव जागेसाठी किमान चाळीस लागतात, ते होते. पण वैद्यकीय शिक्षणाचा नियम म्हणत होता की या प्रकारात चाळीस किंवा त्याहून जास्त टक्के असतील तर उमेदवार अभ्यासक्रमालाच अपात्र. चाळीसच्या आत असाल तर राखीव जागा नाही, चाळीस गाठलेत तर कॉलेज नाही. जागा आहे, तिच्यावर बसू शकेल असा माणूस तेवढा नियमाने शिल्लक ठेवलेला नाही. ऑक्टोबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता आकडा पाहून नाकारू नका, हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकतो का ते तपासा. हे कुणाही शहाण्या हेडमास्तरांना सुचलं असतं. पण आपल्याकडे साध्या गोष्टींनाच दिल्लीपर्यंत जावं लागतं.

आता आयटीआयच्या वर्कशॉपमधून आवाज येईल: "डॉक्टरकीचं ठीक आहे हो, पण लेथवर बहिरा मुलगा उभा केला आणि काही झालं तर जबाबदार कोण?" शिल्प निदेशकांची काळजी खोटी नाही, पण ती चुकीच्या ठिकाणी लागलेली आहे. चालू शॉपमध्ये धड कानाच्या मुलालाही शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. म्हणूनच तिथे यंत्राला गार्ड, डोळ्यांना चष्मा आणि मशीन थांबवायला लाल बटण असतं. यातलं काहीही कानांवर चालत नाही. भोंग्याच्या जोडीला एक दिवा लावला की उरलेलं पुष्कळसं भागतं. अपंगांना यंत्राची कामं झेपत नाहीत, या समजाला तर शंभर वर्षांपूर्वीच एका कारखानदाराने उत्तर दिलंय. हेन्री फोर्डने 1922च्या आत्मचरित्रात आपल्या कारखान्यातल्या 7,882 प्रकारच्या कामांचा हिशेब मांडला. त्यातली 670 कामं दोन्ही पाय नसलेल्यांना जमणारी, 2,637 एक पाय असलेल्यांना, 715 एक हात असलेल्यांना आणि 10 अंधांना. फोर्ड काही धर्मशाळा चालवत नव्हता. त्याने माणसाला टक्का लावण्याआधी काम मोजलं, एवढंच. आपल्याकडेही 1917 साली, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातचं काम शिकवायला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. ती पुण्याला खडकीत आहे. तोफेने पाय नेला तर माणसाला कसब शिकवता येतं. पोलिओने नेला की तोच माणूस ट्रेडला अयोग्य कसा ठरतो, हे प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्यांनी एकदा समजावून सांगावं.

शिक्षकांची तक्रार मात्र रास्त आहे. भरलेला वर्ग, वरून जनगणना, निवडणूक, खिचडीचा हिशेब, आणि त्यात 'या मुलाकडे विशेष लक्ष द्या' असं परिपत्रक. पण ही तक्रार मुलाविरुद्ध नाही, सरकारविरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्येच प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं प्रमाण घालून दिलं; 2025मध्ये राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं तरी जाहीर करा. 'बाकीच्या मुलांचं नुकसान होतं' हे म्हणणं मात्र आम्हाला पटत नाही. फळ्याकडे तोंड करून न बोलणं, मोठ्या अक्षरात लिहिणं, तोंडी सूचना फळ्यावरही देणं, ही पथ्यं एका मुलासाठी पाळली तर शेवटच्या बाकावरची दहा धडधाकट मुलंही पहिल्यांदाच काहीतरी शिकतील.

विशेष शाळा बंद करा, असं मात्र आमचं म्हणणं नाही. ज्या वर्गात कुणालाच खुणांची भाषा येत नाही, तिथे कर्णबधिर मुलाला बसवणं म्हणजे त्याला चाळीस जणांत एकटं पाडणं. त्याच्यासाठी मूकबधिर शाळा हेच गजबजलेलं गाव असतं. पण तिथे जायचं की नाही हे मुलाने आणि आईबापांनी ठरवायचं. 'आमच्याकडे सोय नाही, तुम्ही तिकडे घाला' असं सांगणं मुख्याध्यापकांच्या हातात कायद्याने ठेवलेलं नाही. 2016च्या कायद्याने 'सार्वजनिक इमारत' या शब्दात शिक्षणाच्या आणि व्यवसाय-शिक्षणाच्या इमारतीही धरल्या आहेत, आणि अशा जुन्या इमारती वापरण्याजोग्या करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम जून 2017मध्ये निघाले. पाच वर्षं जून 2022मध्ये भरली.