जोसेफकाकांची भावकी

वसईत आमच्या शेजारी जोसेफकाका राहतात. बँकेतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण ‘वेळ कसा जातो’ असं त्यांना विचारू नये. त्यांची भावकी फार मोठी आहे. जगाच्या पाठीवर जोसेफ नावाचा जो कुणी नाव काढून गेला, तो काकांचा नातलग.

त्यांच्या ओटीवर एक डुगडुगणारी लाकडी खुर्ची आहे. तिचा पाय काका ईस्टरपासून ‘उद्या बसवणार’ आहेत. पाहुण्याने तिच्यावर तोल सांभाळत बसायचं आणि काकांनी बँकेची जुनी डायरी उघडायची.

“हा आमचा हेडन,” ते म्हणतात. हेडन जणू आगाशीच्या आत्याचा मुलगा. “केवढा संगीतकार! 1809मध्ये व्हिएन्नात वारला. एवढं संगीत मावतं कुठे, ते बघायला लोकांनी कबरीतून डोकंच पळवलं. मागाहून तिथे दुसऱ्याच कुणाचं तरी ठेवून दिलं. खरं परत आलं 1954 साली, पण खोटं काही कुणी काढलं नाही. आता सांग, आमच्या हेडनला डोकी किती?”

“दोन.”

‘तुझ्या भावकीत आहे असा कुणी?’ असं ते तोंडाने विचारत नाहीत. नुसते बघतात.

नावाने वेष बदलला म्हणून जोसेफ काकांच्या तावडीतून सुटत नाही. इटलीत ज्युझेप्पे म्हणतात, म्हणून गॅरिबाल्डी आणि व्हेर्दी घरचेच. मॅझिनीचं काम सावरकरांनी आधीच सोपं केलेलं. 1907च्या मराठी पुस्तकाला नावच ‘जोसेफ मॅझिनी’. अरबीत युसूफ, म्हणून 1942मधले मुंबईचे महापौर युसूफ मेहेरअली आणि दिलीपकुमार डायरीत एकाच पानावर नांदतात. पोर्तुगिजांनी जुझे केलं, तर गोव्यातल्या कांदोळीचा आब्बे फारिया हाताला लागला. पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करून दाखवणारा हा पाद्री तरुणपणी लिस्बनच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला आणि त्याची वाचाच बसली. तेव्हा बापाने कोकणीत कुजबुजून सांगितलं, ही सगळी भाजी आहे, काप भाजी! अशी आख्यायिका. काका ती सांगताना स्वतः बाप होतात आणि माझ्याकडे राणी असल्यासारखे बघतात.

पण खास माया जोसेफ बॅप्टिस्टांवर. टिळकांचे स्नेही, 1916च्या होमरूल लीगचे अध्यक्ष, पुढे मुंबईचे महापौर. “लोक त्यांना काय म्हणायचे, ठाऊक आहे? काका!” एवढं सांगून आमचे काका थांबतात. आपल्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत थांबतात.

भावकी म्हटली की एखादा नाव बुडवणारा असतोच. “स्टॅलिनही जोसेफच ना?” मी एकदा विचारलं. काकांनी चष्मा पुसला. “सेमिनरीत होता तो. मध्येच सोडली. पुढे आडनाव बदललं आणि बिघडला.” गोबेल्सचं नाव काढल्यावर मात्र त्यांनी डायरी मिटली. “आज उकडतंय फार,” म्हणाले.

गेल्या महिन्यात समोरच्या घरी नातू झाला. बाप्तिस्म्याला ‘रायन’ नाव ठेवणार, हे कानावर येताच काका डायरी काखेत मारून निघाले. पाऊण तास बोलले. बाळ झोपलं, मग बाळाचे आजोबा झोपले. शेवटी काकू त्यांना न्यायला आल्या.

“पहिला जोसेफ लिहिलाय ना यात?” त्यांनी शांतपणे विचारलं.

“म्हणजे काय! पहिल्याच पानावर. मरियेचा नवरा, येशूचा पालक, पेशाने सुतार.”

“तो काय बोलला?”

काका पानं चाळू लागले.

“चार शुभवर्तमानं आहेत,” काकू म्हणाल्या. “त्याच्या तोंडचा एक शब्द दाखवा. देवदूत स्वप्नात येऊन सांगतो, हा उठतो आणि कामाला लागतो. संपलं.”

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. नाव रायनच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोकीच्या आवाजाने मला जाग आली. काका ओटीवर खुर्ची उलटी घालून, तोंडात दोन खिळे धरून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी नुसती मान हलवली. काकू दारात उभ्या राहून डोळे भरून बघत होत्या. अशी दहा मिनिटं गेली.

मग हातोडी अंगठ्यावर बसली. खिळे तोंडातून उडाले.

“अगं, डेटॉल आण!” काका ओरडले. काकू बाटली आणायला आत वळल्या, तेवढ्यात रक्ताळलेला अंगठा वर धरून ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत तेच जुनं तेज.

“बरं, जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावायला डॉक्टरांना शिकवलं कुणी, माहीत आहे? लिस्टरने. आणि त्याचं नाव काय?”

मी खुर्ची सरळ केली. ती अजून डुगडुगत होती. मी तोल सांभाळून बसलो.