माणदेशी सफर : इच्छुकांसाठी सूचना

सातारा-सांगलीला फिरायला आलेल्या माणसाने गाडी पश्चिमेलाच वळवायची, असा अलिखित कायदा आहे. महाबळेश्वर, कास, ठोसेघर, फार तर सांगलीचा गणपती. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत असे तालुके आहेत हे दुष्काळ जाहीर झाला की कळतं, किंवा तिकडे बदली झाली की. ऑस्ट्रेलियातला भाचा नलारबोरच्या माळावरच्या १४६ किलोमीटर सरळसोट रस्त्याचा फोटो पाठवतो तेव्हा आपण 'काय मोकळं आहे रे!' म्हणतो, आणि तितकंच मोकळं दहिवडीच्या पुढे दिसलं की गाडीची काच वर करतो. अशांसाठी हे मार्गदर्शन.

आधी मनाची तयारी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आसपास. तेव्हा धबधब्याची चौकशी करू नये. तोंडावर कुणी हसणार नाही, पण रात्री पारावर तुमचाच विषय असेल.

साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंध गाठा. यमाईच्या डोंगराच्या अंगावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. आत रविवर्म्याची चित्रं, आणि चक्क हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्प. लंडनला हेच बघायला आपण तिकीट काढून रांगेत उभे राहिलो असतो. इथे रांग नाही, त्यामुळे बघण्यासारखं काही नसणार असा समज होतो. तो दाराबाहेर चपलांपाशी ठेवावा.

वडूज सोडलं की फोनवरचा नकाशा अध्येमध्ये मौन धरतो. मग विचारावं. विचारण्याची रीत अशी : गाडी बंद करा, खाली उतरा, रामराम घाला. काचेतून 'एक्स्क्यूज मी' म्हणणाऱ्याला विट्याऐवजी पंढरपूरला पोचवण्याची ताकद या मुलखात आहे. तुम्ही रस्ता विचाराल, समोरून प्रश्न येईल, 'कुणाकडं आलायसा?' कुणाकडेच नाही, नुसते फिरायला आलोय, असं खरं उत्तर देऊ नये, संशय वाढतो. 'गोंदवल्याला महाराजांच्या दर्शनाला' म्हणावं. लगेच चहा येतो. 'हितंच हाय की' याचा अर्थ सहा ते सोळा किलोमीटर.

म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन झाल्यावर १९९७ साली बायकांनी बायकांसाठी काढलेल्या माणदेशी बँकेची पाटीही पाहून घ्यावी. दिघंचीवरून आटपाडीत शिरलात की साहित्यप्रेमी सहप्रवाशाला आवरा. माडगूळकर बंधूंचा हा तालुका; त्याला प्रत्येक धोतरवाला 'बनगरवाडी'तला वाटतो आणि तो त्याचा फोटो काढायला धावतो. तो माणूस बहुधा डाळिंबाच्या सौद्याला निघालेला असतो आणि त्याचा फोन तुमच्यापेक्षा महाग असतो. उजाड माळ बघायच्या हौसेने आलेल्यांची आणखीही निराशा संभवते : टेंभूच्या योजनेने कऱ्हाडजवळून कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलून वर आणलंय, त्यामुळे नको तिथे हिरवं दिसतं. गावकऱ्यांचा त्याला इलाज नाही.

आटपाडीजवळच स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ च्या सुमारास इथे बिनभिंतीची कैद्यांची वसाहत वसवली आणि त्यातूनच पुढे शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' आला. इथे उतरल्यावर गाडीचं कुलूप दोन-दोनदा तपासू नये. बरं दिसत नाही.

जेवणात बाजरीची भाकरी, खर्डा आणि मिळालंच तर हुलग्याचं माडगं. 'कमी तिखट' हा शब्दप्रयोग टाळावा.

विट्याच्या आसपासच्या गावांत तीन मजली, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचे, कुलूपबंद बंगले दिसतील. कुणा पुढाऱ्याचे असतील असा तर्क करू नका. मालक गलाईवाले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या केरळपासून दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत. त्यांची पोरं आजीशी माणदेशी आणि आपसात मल्याळम बोलतात. ती घरं उघडी बघायची असतील तर सहल गावच्या जत्रेला धरून आखावी. मात्र गाडी वेशीबाहेरच लावावी, कारण आत केरळ, तमिळनाडू आणि दिल्लीच्या नंबरच्या गाड्यांनी तुमच्यासाठी जागा ठेवलेली नसते.