एसी तयार आहे, आपण कधी येता?

प्रति,
मा. अरबी समुद्र,
मु. कोकण किनारा, महाराष्ट्र राज्य.

विषय : भंडारा जिल्ह्यातील आगमनाची तारीख कळविणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये विनंती की, आपण आमच्या जिल्ह्यात नेमके कधी येत आहात ते उलट टपाली कळवावे. इकडची तयारी पूर्ण आहे. परवा एका दुकानात एसी बघायला गेलो, तर सेल्समननं बाहेरच्या युनिटच्या जाळीतून आतले निळे पत्रे दाखवले आणि म्हणाला, "काकाजी, समुद्राच्या खाऱ्या हवेतही याले गंज पकडत नाही जी!" किमतीत त्या निळाईचे पैसे धरलेलेच होते. माहितीपत्रकावर नारळाची झाडं, वाळू आणि फेसासकट साक्षात आपण.

प्रवासाची काळजी नसावी. समृद्धी महामार्ग 2025 पासून पूर्ण खुला झाला आहे. भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूर 701 किलोमीटर, आणि तिथून पुढे साठेक किलोमीटरवर आम्ही. टोल मात्र भरावा लागेल. ओहोटीला अर्धं तिकीट नाही.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आमचं पाणी आपल्याकडे येत नाही. वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. वाटेत खडकामातीतले क्षारही ती घेऊन जाते. म्हणजे आम्ही समुद्राला मीठ पुरवणारी मंडळी, आणि मिठापासून वाचायचं यंत्र आमच्याच गळ्यात.

आपल्या पराक्रमाबद्दल शंका नाही. एसीच्या कॉइलमध्ये तांब्याची नळी आणि अॅल्युमिनियमचे पत्रे अंगाला अंग लावून असतात. त्यांच्यावर खारा ओलावा बसला की दोन धातूंमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि झिजतं ते अॅल्युमिनियम. किनाऱ्यावरच्या जुन्या युनिटच्या पत्र्यांवर बोट फिरवलं तर पांढरी भुकटी हाताला लागते. पत्रे झडले की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि बिल फुगतं; स्टिकरवरचे पाच स्टार तेवढे शाबूत राहतात. तेव्हा मालवणच्या माणसानं गंजरोधक लेप जरूर मागावा, पण तो कारखान्यातच संपूर्ण कॉइलवर चढवलेला हवा, आणि मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत तो किती तास टिकला हे विचारायला हवं. युनिट खाऱ्या वाऱ्याच्या आडोशाला बसवावं, अधूनमधून गोड्या पाण्यानं धुवावं. नुसत्या निळ्या रंगावर भुलू नये. पुष्कळदा तो थर पत्र्यावरचं पाणी चटकन ओघळून जावं एवढ्यासाठीच असतो.

लेप म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको. भंडारा हे पितळी भांड्यांचं गाव. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, हे इथं पोरालाही ठाऊक. थर जिथं फाटला तिथून धातू उघडा पडला, मग तो पातेल्याचा असो की कॉइलचा. म्हणून विचारलं, "बसवताना खरचटलं तर?" उत्तर आलं, "खरचटतच नाही जी."

पुढचा प्रश्न आमच्या मे महिन्याबद्दल होता. त्या पत्रकात मे महिन्याचा 'म'सुद्धा नाही. एसीची थंड करण्याची ताकद मोजतात ती साधारणपणे बाहेर 35 अंश असताना, आणि मिठाच्या फवाऱ्याची नेहमीची चाचणीही 35 अंशांवरच. म्हणजे दोन्ही परीक्षांना यंत्र बसतं ते आमच्या मार्चमध्ये. मे महिन्यात इथं पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा ताकद घटते आणि वीज जास्त लागते. 46 अंशांवर मोजलेला आकडाही असतो; तोच मागितला. सेल्समननं पत्रक उलटंपालटं करून पाहिलं आणि पुन्हा समुद्राकडे वळला. स्टारच्या लेबलवर लिहिलेला वर्षाचा वीजवापर 1600 तासांचा असतो, हेही त्यानं सांगितलं नाही. आमच्या उन्हाळ्याला एवढे तास पुरतात होय?

इथल्या एसीचे वैरी वेगळे आहेत. राइस मिलचा बारीक कोंडा कॉइलमध्ये असा बसतो की हवा जायला फट उरत नाही. दुसरा वैरी घरातलाच. दर उन्हाळ्याआधी कूलरचं गवत बदलायचं, गंजलेल्या टाकीच्या तळाला डांबर फासायचं, हा विदर्भातला कुळाचार. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्याच कूलरच्या तुषारांत एसीचं युनिट ठेवलं की झाला घरचा समुद्रकिनारा! आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठी घर असेल तर नाल्यातला वायू तांबं काळं करून खातो. लेपाची खरी गरज पडली तर तिथं पडेल. पण माहितीपत्रकावर नाल्याचा फोटो कोण छापणार?

तरी आपण येणार असाल तर तारीख कळवावी. जमत नसेल, तर "भंडारा जिल्ह्यात आमचा कोणताही किनारा नाही व नजीकच्या काळात प्रस्तावित नाही" असा सही-शिक्क्याचा ना-किनारा दाखला द्यावा. तो दुकानात दाखवून निळाईचे पैसे कमी करून घेईन आणि उरलेल्या पैशांत कूलर एसीपासून दूर हलवीन.

आपला नम्र,
एक ग्राहक, भंडारा

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
1) मा. बंगालचा उपसागर : वैनगंगेमार्फत पुरवलेल्या क्षारांचं बिल थकलं आहे.
2) मा. मे महिना, भंडारा : माहितीपत्रकात आपला उल्लेख आढळत नाही. सबब आपण अस्तित्वात नाही असं गृहीत धरून एसी विकले जात आहेत. योग्य वाटल्यास प्रत्यक्ष हजर राहून खुलासा करावा.