मलकापूरचे कान गेले हो!

सुरुवात झाली ती भिंतीतून. आगाशिवनगरातल्या एका वहिनींच्या घरातून भर दुपारी परक्या पुरुषाचा आवाज येतो, असं पलीकडच्या काकूंनी सांगितलं. आवाज भारदस्त, बोलणं मुंबईकडचं, आणि वहिनींचं उत्तर नाही, नुसतं हसणं. काकूंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी त्या पुरुषाला कुणीतरी 'भावजी' म्हटलं आणि काकूंचा धीर सुटला. वहिनींना दीरच नाही! एक नणंद आहे, ती विट्याला दिलेली. "बिनदिराच्या घरात भावजी आलं कुठनं गं बया?" हा प्रश्न दिवे लागायच्या आत पिठाच्या गिरणीत पोचला आणि तिथून दळणाबरोबर घरोघर गेला.

भावजी निघाले टेकाडे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या जुन्या 'पुन्हा प्रपंच'मधले. ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगते की पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी अशी तीन माणसं, एक मध्यमवर्गीय घर, आणि जगातला कुठलाही चालू विषय त्या घरातल्या गप्पांत आणून सोडायचा. पंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, आणि ज्या आवाजानं काकूंची झोप उडवली ते बाळ कुडतरकर. नीलम प्रभूच पुढे करुणा देव झाल्या, संगीतकार यशवंत देवांच्या पत्नी. म्हणजे ज्या बाईला महाराष्ट्र पंतांची बायको समजत होता तिचा प्रपंच भलतीकडेच! पण ते जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.

बाहेरच्यांसाठी एक खुलासा. हे मलकापूर बुलढाण्याचं नव्हे, शाहूवाडीचंही नव्हे. कराडला खेटून, पुणे-बंगळूर हायवेनं मधोमध चिरलेलं, आगाशिवच्या डोंगराखालचं. भानगड आमची आहे, उगाच दुसऱ्या मलकापुरांची बदनामी नको.

तर वहिनी निर्दोष सुटल्या, पण साथ पसरली. भाकरी थापताना टेकाडे भावजी, शेंगा फोडताना टेकाडे भावजी. ज्यांना कुणी नातवानं ॲप घालून दिलं, ते रात्री विविध भारतीचं 'हवामहल' लावून बसतात. रस्त्याच्या सहापदरीच्या कामात अडकलेला टेम्पोवाला परवा हॉर्न वाजवायचाच विसरला. मागच्यानं खाली उतरून विचारलं, तर हा म्हणतो, थांबा जरा, खुनी कोण ते कळू द्या. आणि आमचे एक निवृत्त गुरुजी! तेराव्याच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत बसले, एका कानात बुवा, दुसऱ्या कानात मफलरखाली रेडिओवरचं नाटक, म्हणजे श्रुतिका. बुवा देहाचं नश्वरपण सांगत असताना गुरुजी खो खो हसले. यजमानांनी अजून त्यांच्याशी बोलणं टाकलंय.

टीव्हीवरची मालिका बघणारी बाई निदान दिसते तरी. चार बायका बसून बघतात, मध्येच खलनायिकेच्या झंपरावर बोलतात, जाहिरातीत शेजारणीच्या सुनेवर घसरतात. ह्या श्रुतिकावाल्यांचं तसं नाही. हात कामात, डोळे आपल्याकडे, मान डोलतेय, आणि आपण अर्धा तास जीव तोडून सांगितलेली खबर कुठं गेली? हवेत! "काय म्हणालात?" असं वायर उपटून विचारतात. एकदा सांगितलेली कुचाळकी पुन्हा सांगताना शिळ्या भाकरीसारखी लागते हो.

मलकापुरात गप्पांवर पहिला घाव बसला तो पाण्याचा. चोवीस तास पाणी देणारं गाव म्हणून आमचा देशभर बोलबाला झाला, ठिकठिकाणची माणसं योजना बघायला आली, नळाला मीटर, मीटरला रीडिंग, सगळं झकास. पण नळाला वेळ असायची तेव्हा घागरींची रांग असायची, आणि रांग असली की तोंडं चालायची. पाणी चोवीस तास झालं आणि चर्चेचा हक्काचा तास गेला. ह्याची नोंद कुठल्या अहवालात आहे का? राहता राहिले ओटे आणि गिरणी, तर तिथे आता ह्या मीनावहिनी येऊन बसल्या. गावातल्या जित्या वहिनींची भानगड कुणाला नको, आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वी हवेत विरलेल्या वहिनींच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना पाहिजे.

बरं, ऐकून गप्प बसतील तर तेही नाही. मागच्या आठवड्यात गिरणीत दोघींची जुंपली. एक म्हणते मीनावहिनी नऊवारी नेसतात. दुसरी म्हणते छट्, पाचवारी, आणि तीही वॉयलची, मोठ्या फुलांची. एकीची मीनावहिनी बुटकी, गोल, नाकात चमकी. दुसरीची उंच आणि चष्मेवाली. आयुष्यात दोघींनी ती बाई पाहिलेली नाही, तरी शपथा घालून भांडत होत्या, आणि गिरणीवाला भाऊ पीठ चाळत मध्येच म्हणाला, "न्हाई न्हाई, माझ्या आत्तीसारखी हाय ती." मला आधी हसू आलं, मग जरा राग आला. टीव्हीनं प्रत्येकीला तीच साडी दाखवली, तोच सोफा दाखवला. इथे आवाज एकच, आणि साडी ज्याच्या त्याच्या ट्रंकेतली.

म्हाताऱ्यांना तर ऊतच आलाय. त्यांच्याकडे आठवणींचं भांडवल. लाकडी पेटीचा मर्फी, छपराखाली ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, पोस्टात दरसाल भरायची लायसनची फी. मीडियम वेव्हची खरखर आणि तिच्यातून माणसाचा आवाज हुडकायला काट्यावर चालणारी दोन बोटं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं तेव्हा मुंबई-पुण्याचा नाद सोडून आपल्या बोलीतली नाटकं घरात आली, असं आमचे एक आजोबा छातीवर हात ठेवून सांगतात. सांगलीनं नाटक करायचं नाही तर कुणी करायचं? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथेच 'सीता स्वयंवर' उभं केलं. त्याच सांगलीत पडदा, रंग, मिशा काही नसलेलं नाटक खोलीत बसून होऊ लागलं. आकाशवाणीची आवाजाची परीक्षा पास होणं म्हणजे तेव्हा काय प्रस्थ! ग्रेड मिळायची. बी हाय मिळालेला मनुष्य भाजी घेतानासुद्धा बी हायमध्ये बोलायचा.

आणि आता खरी आतली बातमी ऐका. सरकारनं एके काळी आपल्याच भागात माणसांना गप्पा मारायला बसवलं होतं! १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं एक प्रयोग केला. पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं, आणि त्या पाचांत उत्तर सातारा, म्हणजे आपला जिल्हा. प्रत्येक गावात वीसेक माणसांचं श्रोतामंडळ. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम लागायचा, त्यात शेतीचे संवाद, छोट्या नाटिका. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद, आणि मग ऐकलेल्यावर सगळ्यांनी बोलायचं. बोलणं झालंच पाहिजे, हा नियम. काय बोलले ते लिहून केंद्राला कळवायचं. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नियमानं गप्पा, आणि वर त्यांची नोंद! त्याच सुमाराला पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमात माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर होते, म्हणजे माणदेशचा माणूस बसून शेतकऱ्याच्या तोंडची भाषा माइकवर आणत होता. ऐकणाऱ्याला वाटायचं, हे आपल्याच पारावरनं कुणीतरी चोरून नेलंय.

हे खूळ आपलंच नाही हो, साहेबाचंही आहे. बीबीसीवर 'द आर्चर्स' नावाची शेतकऱ्यांची मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर सुरू झाली ती आजही चालू आहे. उत्पन्न कसं वाढवावं हे नाटकातून सांगायचं, असा मूळ हेतू. आपल्या बांधावरच्या विषयाला तिकडे सत्तर वर्षं उलटून गेली तरी श्रोता आहे. पण हेतू बाजूला, भानगड ऐका. २२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री लंडनमध्ये जाहिरातींवर चालणारा नवा टीव्ही सुरू व्हायचा होता. नेमकं त्याच संध्याकाळी बीबीसीनं मालिकेतली ग्रेस नावाची नवी नवरी आगीत मारून टाकली. तबेल्याला आग लागली आणि ही घोडा सोडवायला आत गेली. लोक रडले, बीबीसीचे फोन खणखणले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नव्या टीव्हीपेक्षा ग्रेसच्या मरणाची चर्चा. सवतीच्या लग्नात स्वतःच्या घरात मयत करण्यातला प्रकार! शेजारणीची पोळी करपावी म्हणून माणसं काय काय करतात, आणि आम्ही भिंतीला कान लावला तर आम्ही वाईट.

पुणे केंद्राच्या त्या प्रयोगात दर गावाला एक रेडिओ आणि वीस डोकी, असा हिशोब होता. आता एक डोकं आणि दोन बोंडं. मला श्रुतिकेचं वावडं नाही, त्या कानातल्या बोंडांचं आहे. हे मी गिरणीत जाहीर बोलले, तर गिरणीवाल्या भावानं दुसऱ्या दिवशी फोन डब्यात ठेवला. साधा पत्र्याचा पिठाचा डबा, आडवा. आवाज असा घुमला की जात्याची घरघरही खाली बसली. दळण झालं तरी बाया उठेनात. संपल्यावर जी तोंडं सुटली ती दोन महिन्यांचा उपास सुटल्यासारखी. नऊवारी-पाचवारीचा निकाल मात्र लागला नाही.

आणि आता हे प्रकरण भलत्याच थराला गेलंय. गुरुजींच्या डोक्यात आलं की आपणच श्रुतिका करायची. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टांगल्यात, प्रतिध्वनी नको म्हणून. पाऊस काढायचं काम वहिनींकडे. सुपात ज्वारी घेऊन ते माइकपाशी हळूहळू तिरकं करायचं. तांदूळ घेतले तर भुरभुर, ज्वारी घेतली तर सर, हरभरे घेतले की गारा. सूप थांबलं की पाऊस उघडला, इतकं सोपं, पण हात थरथरला की वळवाचा होतो. कुणीतरी म्हणालं, अहो एवढा खटाटोप कशाला, नळ सोडा की, चोवीस तास पाणी आहे. तर वहिनी फिस्कारल्या, "मीटर तुमचा बाप भरणार का?" गडगडाटाला पत्रा, घोड्याला करवंट्या. संवादाचं पान उलटायचं नाही, माइकपासून लांब धरून अलगद खाली सोडायचं, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं मीनावहिनी पेपर वाचतायत. हे सगळं गुरुजींनी कुठल्याशा जुन्या आकाशवाणीवाल्याकडून शिकून घेतलंय. घरचे म्हणतात, पेन्शन कधी अशी खर्ची पडली नव्हती.

परवा भूमिका वाटल्या. पंत गुरुजी. वहिनींना वहिनी. भावजी म्हणून तो टेम्पोवाला, कारण त्याचा आवाज हायवेनं तयार केलाय. मग आली शेजारीण, भिंतीला कान लावणारी, चहाडखोर. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. काकू तिथेच बसल्या होत्या, तरी माझ्याकडे! मी ताडकन उठले. दारापर्यंत गेले आणि नुसतं माहितीसाठी म्हणून विचारलं, वाक्यं किती आहेत तिला. गुरुजी म्हणाले अकरा. वहिनींना सव्वीस. आता तुम्हीच सांगा, दिवसभर भिंतीला कान लावून उभी असलेली बाई अकरा वाक्यांत आटपते का कुठं?