न पळण्याचा सराव : पहिल्या मॅरेथॉनसाठी मार्गदर्शन

भरपेट जेवणानंतरच्या उत्साहात, चारचौघांच्या देखत, ज्यांनी पहिली मॅरेथॉन पळण्याची घोषणा करून टाकली आहे आणि आता ज्यांना माघारीची वाट उरलेली नाही, अशा सज्ञान नागरिकांसाठी हे मार्गदर्शन आहे. इतर मार्गदर्शने कसे पळावे ते शिकवतात. ती तूर्त बाजूला ठेवावीत. पळता सगळ्यांनाच येते; शेवटची एसटी हलली की साठीच्या गृहस्थांनाही येते. मॅरेथॉनमध्ये कस लागतो तो न पळण्याचा. सरावात वेगाने न पळणे, शर्यतीआधीचे दोन-तीन आठवडे फारसे न पळणे आणि प्रत्यक्ष शर्यतीत पहिले तीस किलोमीटर मनासारखे न पळणे, या तीन गोष्टी ज्याला जमल्या त्याच्या गळ्यात पदक पडते. हे विधान गंमत म्हणून केलेले नाही. त्याला शरीरशास्त्राचा, ऑलिंपिकच्या इतिहासाचा आणि मुंबईच्या पेडर रोडचा आधार आहे.

आधी हिशेब मांडू. पळताना दर किलोमीटरला साधारण आपल्या किलोतल्या वजनाइतक्या कॅलरी खर्च होतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी सुमारे २,७०० कॅलरी हव्यात. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, मात्र दोन हजार कॅलरींच्या आसपासच भरते. उरलेला खर्च चरबीतून भागवायचा. चरबीचा तुटवडा नसतो. त्या बाबतीत बहुतेकांची पूर्वतयारी अनेक वर्षे चाललेली असते. पण चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. वेग वाढवला की शरीर ती सोडून साखरेला हात घालते, आणि मग पहिल्या आठवड्यात सढळ हाताने खर्च करणाऱ्या पगारदाराची वीस तारखेनंतर जी गत होते, तीच तिसाव्या किलोमीटरनंतर धावणाऱ्याची होते. धावणारे याला ‘वॉल लागली’ म्हणतात. मुंबई मॅरेथॉनच्या मार्गात ही भिंत बांधायची वेगळी गरजच पडलेली नाही. आजवर बहुतेक वर्षी परतीच्या वाटेवर, नेमकी साखर संपण्याच्या सुमारास, पेडर रोडचा चढ येत आला आहे. मोटारीतून जाताना हा चढ दिसतसुद्धा नाही. त्याआधी वांद्रे-वरळी सी लिंक असतो. एरवी तिथे पायी जायला बंदी, त्यामुळे त्या दिवशी ऊर भरून येतो, समुद्राचा वारा लागतो आणि पाय आपोआप जोरात पडू लागतात. तो जोर पेडर रोडवर वसूल केला जातो. म्हणून सी लिंकवर फोटो जरूर काढावेत. तेवढा वेळ तरी वेग कमी होतो.

आता सरावाकडे. मुंबईची शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि नवख्याला सोळा ते अठरा आठवडे तयारी लागते. पंचांग काढून पाहिले तर या काळात नवरात्र, दिवाळी, तुळशीच्या लग्नानंतरचे तमाम मुहूर्त आणि हुरडा पार्ट्या येतात. हा आयोजकांचा कट नाही. मुंबईत बेचाळीस किलोमीटर पळण्यासारखी हवा जेमतेम त्याच सुमारास असते. रविवारचा लाँग रन पहाटे निघतो, म्हणून शनिवारी रात्री नऊला झोपणे आले. शनिवारच्या स्वागत समारंभाला जायचे असेल तर सनईवाल्यांच्या बरोबरीने हॉलवर पोहोचावे, आहेर द्यावा, वरणभात खाऊन निघावे. ‘एवढ्यात कुठे निघालात?’ या प्रश्नाला ‘पळायला’ असे उत्तर देऊ नये. ते खरे असते, पण यजमानांचा गैरसमज होतो. वेगाची चाचणी सोपी आहे. पळताना सोसायटीच्या मेंटेनन्सवर धाप न लागता, पूर्णविरामांसह बोलता आले पाहिजे. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग जास्त झाला. विषय बदलू नये, वेग कमी करावा. या वेगाने जाताना कॅनव्हासचे बूट घातलेल्या, नऊवारीतल्या आजी मागून येऊन पुढे जातील. त्यांना जाऊ द्यावे. पहिल्या मॅरेथॉनची सगळ्यात कठीण कसोटी हीच असते आणि ती बागेच्या फाटकापाशीच होऊन जाते. सर्वांत लांब सराव साधारण तीस-बत्तीस किलोमीटरचा असतो, म्हणजे शर्यतीपूर्वी पूर्ण अंतर एकदाही पळायचे नसते. शेवटचे आठवडे तर उलटेच: अंतर घटवत न्यायचे, ज्याला टेपर म्हणतात. या काळात पाय शिवशिवतात, गुडघ्यात नसलेले दुखणे जाणवते आणि माणूस घरच्यांना नको होतो. दिलासा एवढाच की संक्रांत बहुधा शर्यतीआधीच्या आठवड्यात पडते. त्या दिवसांत पिष्टमय आणि गोड खाऊन साखर साठवायचीच असते, त्यामुळे तिळगुळाला आहारशास्त्राची हरकत नाही.

न पळण्याच्या या सिद्धांताला इतिहास दुजोराच देतो. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये धुळीच्या रस्त्यावर, रणरणत्या उन्हात बत्तीस जण निघाले आणि चौदा पोहोचले. वाटेत पाण्याची सोय जवळपास नव्हती, कारण पाण्यावाचून शरीराचे काय होते ते आयोजकांना पाहायचे होते. पहिला आलेला फ्रेड लॉर्झ बरेच अंतर मोटारीने आल्याचे उघड झाले. मग विजेता ठरला थॉमस हिक्स. त्याला वाटेत त्याच्या माणसांनी अंड्याचा पांढरा भाग, ब्रँडी आणि स्ट्रिक्नीन, म्हणजे चक्क विष, पाजले होते. अलीकडच्या एनर्जी जेलची चव कशीही असली तरी ही परंपरा पाहता तक्रार करू नये. १९०८ मध्ये लंडनला डोरांडो पिएत्रीने आघाडीवरच्या हेफरनला गाठण्यासाठी शेवटच्या टप्प्यात जोर लावला, त्याला मागेही टाकले, आणि स्टेडियममध्ये शिरल्यावर चुकीच्या दिशेला वळून पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांनी उचलून त्याला रेषेपार नेले आणि त्यामुळे तो बाद झाला. ४२.१९५ हे विचित्र अंतरही तिथलेच: विंडसरच्या राजवाड्यापासून राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत. ते १९२१ पासून जगभर कायम झाले, म्हणून शेवटचे दोनशे मीटर कोणासाठी पळतो आहोत याबद्दल मनात संभ्रम नसावा. नवख्याने आदर्श ठेवावा तो शिझो कानाकुरीचा. १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या उकाड्यात या जपानी धावपटूने शर्यत सोडली आणि तो कोणाला न सांगता मायदेशी परतला. १९६७ मध्ये त्याला बोलावून उरलेली शर्यत पूर्ण करून घेतली. अधिकृत वेळ जाहीर झाली ती ५४ वर्षे, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटे आणि २०.३ सेकंद. दशांश चिन्हापुढच्या तीनाकडे लक्ष द्यावे. वेळ मोजणाऱ्यांनी कोणालाही हलक्यात घेतलेले नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला वडीलधाऱ्यांचा: पूर्वीचे लोक अनवाणी पळत, तुमचे हे महागडे बूट कशाला? आक्षेप निराधार नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटांनी अनवाणी पळणारी खेड्यातली मुले पाहिली आणि भारताचा संघ ऑलिंपिकला धाडायचे मनावर घेतले. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, पावणेतीन तासांहून थोड्या अधिक वेळात. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने तर १९६० मध्ये रोमला अनवाणी सुवर्णपदक जिंकले. पण त्यानेच १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पुन्हा जिंकले, आणि तेही तीन मिनिटे लवकर. विशेष म्हणजे काही आठवड्यांपूर्वीच त्याची अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणजे सक्तीची विश्रांती. आमच्या सिद्धांताला याहून भक्कम पुरावा नको. मात्र म्हणून कोणी अपेंडिक्स काढून घेऊ नये. दुसरा आक्षेप धावपटू किपचोगेचे नाव घेऊन: त्याने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत अंतर कापले, ते काय हळू पळून? त्याच्याभोवती आलटूनपालटून वारा अडवणाऱ्या धावपटूंचा ताफा होता आणि पुढे वेग दाखवणारी गाडी. आपल्यापुढे असते ती बहुधा पाण्याच्या बाटल्यांची रास. शिवाय त्याच्याही सरावातले बहुतेक किलोमीटर आरामाच्या वेगाचे असतात. त्याचा आराम आपल्याला झेपत नाही, एवढाच फरक. तिसरा आक्षेप सर्वांत चतुर: हळूच जायचे तर चालतच का जाऊ नये? ताशी पाच किलोमीटरने चालल्यास साडेआठ तास लागतात. तोवर रस्ता वाहतुकीला खुला झालेला असतो आणि बेस्टचे चालक छातीवरचे बिब पाहून थांबत नाहीत.

शर्यतीच्या दिवशी काहीही नवे करू नये: बूट, मोजे, नाश्ता, निर्धार. काखेत, मांड्यांना आणि पुरुषांनी छातीलाही पेट्रोलियम जेली लावावी. ही सूचना हसण्यावारी नेणारे आंघोळीच्या वेळी ओरडतात. पाणी तहानेपुरते प्यावे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी सुमारे तेरा टक्क्यांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेले होते, आणि वाटेत पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. प्रत्येक टेबलापाशी दोन पेले रिचवण्यात शौर्य नाही. रस्त्याकडेला मुंबईकर संत्री, चिक्की, मिठाची चिमूट घेऊन पहाटेपासून उभे असतात. त्यांच्याकडून घ्यावे, आभार मानावेत, पण ‘आता थोडंच राहिलंय’ यावर विश्वास ठेवू नये. हे वाक्य बाविसाव्या किलोमीटरलाही ऐकू येते. छातीत दुखले, भोवळ आली किंवा घाम अचानक थांबला तर थांबावे आणि वैद्यकीय पथकाकडे जावे. इथे विनोद नाही. शर्यतीआधी हृदयाची तपासणीही करून घ्यावी, विशेषतः चाळिशी ओलांडली असेल तर.

शर्यतीनंतर जिना उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड जाते, कारण उतरताना मांड्यांचे दुखावलेले स्नायूच शरीराला आवरून धरतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी लिफ्ट चालू असल्याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यावी. दोन आठवडे पळू नये. पुढच्या वर्षीची नोंदणीही त्या दोन आठवड्यांत करू नये, आणि जेवणानंतर तर अजिबात नाही.