किती देती?

राळेगणसिद्धीत अण्णा एकच. बाकी कुणाच्या मनात कितीही आलं तरी त्या हाकेची जागा भरलेली आहे. म्हणून इथल्या पिकअपवाल्या गृहस्थांना गावानं आप्पा करून टाकलं. आप्पा म्हणजे कुणी एक माणूस समजू नका. पारनेर, श्रीगोंदा, शिरूर, जिथं जिथं कांदा पिकतो आणि बाजार लांब असतो, तिथं गावागणिक एक-दोन आप्पा निघतातच. ओळखण्याची खूण सोपी आहे. गाडी थांबली की दुसरा ड्रायव्हर आधी हँडब्रेक ओढतो. आप्पा आधी मीटरवरचा आकडा वाचतात, ओठांतल्या ओठांत भागाकार करतात आणि हँडब्रेकची आठवण त्यांना गाडी हातभर पुढं सरकल्यावर होते.

या भागात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न पावसाचा असतो, दुसरा कांद्याच्या भावाचा आणि तिसरा, दोघांपैकी एकाकडं जरी चारचाकी असली तरी, "गाडी किती देती?" हा. काय देते आणि कशात देते हे कुणी विचारत नाही. एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गावात दारूबंदी आहे, दुकानात बिडी-सिगारेट विकत नाहीत. आप्पांना ॲव्हरेज हे एकच व्यसन शिल्लक राहिलं आणि ते त्यांनी मन लावून केलं.

तर गाडी किती देती? इथं खरी गंमत सुरू होते. आप्पांच्या पिकअपचं ॲव्हरेज गाडीवर अवलंबून नसतं, विचारणाऱ्यावर असतं.

कांदा पुण्याला न्यायचा म्हणून एखादा शेतकरी भाडं ठरवायला आला, की गाडी नऊ देते. "नऊ म्हणजे डोक्यावरून पाणी झालं भाऊ. भरल्या गाडीला साडेआठ पण कधी कधी." चेहरा असा पडतो की शेतकऱ्याला वाटावं, आपण भाडं देत नसून मदतनिधी देतोय. राळेगण ते मार्केट यार्ड जाऊन-येऊन पावणेदोनशेच्या पुढं किलोमीटर. नऊच्या हिशेबानं वीस लिटर, नव्वदीच्या घरातलं डिझेल, म्हणजे अठराशे रुपये नुसते टाकीत. वर टोल, हमाली, चहा. शेतकरी बिचारा मान हलवतो आणि पन्नास-शंभर कमी करा म्हणायचंही विसरतो.

हाच शेतकरी वळणाआड गेला आणि दुसरा पिकअपवाला वाडेगव्हाणच्या फाट्यावर चहाला भेटला, की तीच गाडी सतरा देते. सतरा हाही ठरलेला आकडा नव्हे. समोरचा जे सांगेल त्याच्यापेक्षा एक जास्त, असं त्याचं सूत्र आहे. समोरचा चौदा म्हणाला तर आप्पा पंधरावर थांबतात, उगाच पुढं जात नाहीत. समोरचाही आप्पाच निघाला, तर मात्र फाट्यावर कांद्याचा लिलाव उभा राहतो. पंधरा, साडेपंधरा, सोळा, "माझी मागच्या आठवड्यात सोळा आठशे". शेवटी चहावाला मध्ये पडून पैसे मागतो तेव्हा बोली थांबते.

जुनी गाडी विकायची निघाली तेव्हा ती एकोणीस देत होती. गिऱ्हाईक श्रीगोंद्याचं. त्यानं विचारलं, "एवढं देती तर विकता कशाला?" आप्पांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मन होत नाही, पण पोरांना नवी पाहिजे." आणि रस्त्यात साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, की ॲव्हरेजचा विषयच निघत नाही, तिथं वजनाचा निघतो. कंपनीनं १.७ टन लिहून दिलेल्या हौद्यात पन्नास किलोच्या चौतीस गोण्या बसायला हव्यात. आप्पा पंचेचाळीस बसवतात. मागचे पाटे सपाट होतात, बोनेट आभाळाकडं बघायला लागतं आणि आप्पा साहेबांना सांगतात, "कांदा वाळलेला आहे सायेब, आत नुसता वारा."

विशेष म्हणजे हे सगळं घडतं ते राळेगणसिद्धीत. माहितीच्या अधिकाराचं आंदोलन ज्या गावानं अंगाखांद्यावर खेळवलं, ज्याच्या रेट्यानं आधी राज्याचा कायदा आला आणि मग २००५ साली देशाचा, त्या गावात दिल्लीच्या मंत्रालयातला कागद दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत मिळू शकतो. आप्पांच्या गाडीचं ॲव्हरेज मिळत नाही. एका मास्तरांनी चेष्टेनं तसा अर्ज लिहूनही दिला होता. आप्पांनीही कायदा ऐकलेला. "कलम ८," ते म्हणाले, "व्यापारी गुपित. देता येत नाही."

अपील मात्र घरातच बसलेलं होतं. आप्पांची मंडळी बचत गटाची खजिनदार. शंभर रुपयांचा फरक निघाला तर रात्री झोप न येणारी बाई. तिनं एका महिन्याच्या पंपाच्या पावत्या खिळ्यावरून काढल्या, पहिल्या तारखेचा आणि शेवटच्या तारखेचा मीटर गाडीत जाऊन स्वतः वाचला आणि जेवण वाढता वाढता विचारलं, "अहो, महिन्यात गाडी चालली ३,१२० किलोमीटर. डिझेल भरलं २६८ लिटर. भागिले तर अकरा पूर्णांक सहा येतंय."

आप्पांनी भाकरी मोडली. "तुझी भागाकाराची पद्धत जुनी आहे."

"असू द्या. पण तुम्ही फाट्यावर सतरा सांगता. सतराच्या हिशेबानं १८४ लिटर पुरायला पाहिजे होतं. वरचं ८४ लिटर कोण पितं? गावात तर दारूबंदी आहे."

यावर आप्पा जे बोलले ते मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात लबाडी अजिबात नव्हती. ते म्हणाले, "सतरा देती. मी मोजलंय." आणि त्यांनी खरोखरच मोजलं होतं. कसं, ते सांगतो.

पहाटे पाचला, हौदा रिकामा, टायरमध्ये सांगितल्याहून चार पौंड हवा जास्त. टाकी गळ्यापर्यंत फुल. नोजल आपोआप बंद पडल्यावर आप्पा खाली उतरतात आणि गाडी बाजूनं हलवतात. डिझेलचा फेस खाली बसतो, पंपावरचा पोरगा जांभई देत आणखी दोन लिटर रिचवतो, पुन्हा हलवणं, पुन्हा अर्धा लिटर. मग पुण्याच्या दिशेनं. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास, पुणं साडेपाचशेच्या थोडं वर. म्हणजे एकूण रस्ता आपल्या बाजूचा, निदान जाताना. वेग पन्नासला बांधलेला. काच वर, पंखा बंद, रेडिओसुद्धा बंद, कारण आप्पांच्या मते रेडिओही खातो. शिक्रापूरच्या अलीकडून, गर्दी लागायच्या आत, परत. मग त्याच पंपावर, त्याच नोजलखाली, पण या वेळी गाडी हलवायची नाही. सतरा आले. येणारच. एकाच पंपावर दोनदा भरलेल्या टाकीतला दोन-अडीच लिटरचा फरक शंभरेक किलोमीटरच्या फेरीत अकराचे पंधरा सहज करतो. उरलेले दोन रिकामा हौदा आणि पन्नासचा वेग देतात.

हसू नका. मोठे लोकही याहून फार वेगळं करत नाहीत. पुण्याला वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्या तपासणारी १९६६ पासूनची संस्था. तिथं गाडी रोलरवर उभी करतात; चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. हलक्या गाड्यांसाठी वर्षानुवर्षं वापरलेलं ते चक्र वीस मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात वेग नव्वदीच्या वर जात नाही. ना वारा, ना खड्डा, ना पुढं उसाची बैलगाडी, ना वाघोलीची कोंडी. गाड्या एकमेकींशी ताडून पाहायला ही पद्धत योग्यच आहे, पण त्यातून निघालेला आकडा शोरूममध्ये आला की लोक तो मुलीच्या वयासारखा खरा मानतात. फरक इतकाच, की एआरएआय कुणी विचारलं तरी एकच आकडा सांगते. त्या बाबतीत आप्पा पुढारलेले.

खुद्द आपल्या नगरातही संरक्षण खात्याची वाहन-संशोधन संस्था आहे, व्हीआरडीई. तिचा चाचणीचा ट्रॅक आहे. शिवाय चिलखती दलाचं केंद्र आणि रणगाड्यांचं संग्रहालय. आप्पा एकदा पाहुण्यांना घेऊन ते संग्रहालय बघून आले आणि दोन दिवस गप्प होते. तिथं कुणीतरी सांगितलं होतं की रणगाड्याचा हिशेब लिटरला किलोमीटर असा नसतो, किलोमीटरला लिटर असा असतो. तिसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, "त्याला भाडं कोण देत असंल?"

लष्कराशी त्यांचं नातं जुनं, म्हणजे त्यांच्या मते. अण्णा हजारे लष्करात ड्रायव्हर होते, १९६५ च्या युद्धात खेमकरणला होते, १९७५ मध्ये गावी आले आणि पुढचं सगळं देशाला ठाऊक आहे. "म्हणजे या गावात पहिलं ड्रायव्हरनंच काहीतरी केलं," हे आप्पांचं गावच्या इतिहासाचं एका वाक्यातलं सार. नालाबंडिंग, समतल चर, पाझर तलाव यांवर ते फारसं बोलत नाहीत, पण तत्त्व उचललेलं आहे: थेंब वाया जाता कामा नये. चारशे-पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावात वाढलेल्या माणसाला टाकीतला थेंबही दिसतो.

त्यातून त्यांची शास्त्रं तयार झाली. डिझेल पहाटे भरावं, थंड असतं, दाट असतं, लिटरमध्ये जास्त येतं. आता दहा अंशांच्या फरकानं डिझेल जेमतेम पाऊण-एक टक्का फुगतं; आणि पंपाची टाकी जमिनीखाली, तिला पहाट-दुपार कळतच नाही. पण आप्पा या पाऊण टक्क्यासाठी जवळचा पंप सोडून लांबच्या, 'माप बरं असलेल्या' पंपावर जातात आणि जाता-येता दीड लिटर जाळतात. ते दीड लिटर हिशेबात धरत नाहीत, कारण ते 'खर्चात' नसून 'बचतीत' गेलेलं असतं.

दुसरं शास्त्र न्यूट्रलचं. सुप्यावरून नगरला, नेप्तीच्या बाजारात कांदा न्यायचा तर वाटेत जातेगावचा घाट. उतार लागला की आप्पा गाडी न्यूट्रल करतात. मागं सव्वादोन टन कांदा, पुढं उतार, ब्रेक तापलेले आणि आप्पांच्या चेहऱ्यावर फुकट मिळाल्याचं समाधान. गॅरेजच्या मिस्त्रीनं परोपरीनं सांगितलं, "आप्पा, आता इंजिन कॉम्प्युटरवर चालतं. उतारावर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल जायचंच बंद होतं. न्यूट्रल केलं की उलट इंजिन चालू ठेवायला ते पीत राहतं. आणि ब्रेक गेला तर?" आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "कॉम्प्युटरला आपला घाट कुठं माहीत हाय?"

खरं डिझेल जातं कुठं, हे त्यांना नक्की ठाऊक आहे. फक्त ते ॲव्हरेजमध्ये मोजायचं नसतं एवढंच. वाघोलीच्या कोंडीत पाऊण तास इंजिन सुरू, गाडी जागेवर. तेवढा वेळ ॲव्हरेज शून्य. वरच्या अकरा गोण्या. यार्डातून परतताना भाडं मिळालं नाही म्हणून रिकामी पळवलेली गाडी, तीही ऐंशीनं, कारण रिकामी गाडी पळवली नाही तर तिला वाईट वाटतं. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याच्या वर्गानं वाढतो, हे मास्तरांनी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा आप्पा म्हणाले, "वारा तर फुकटच असतो."

जावयाकडं टाटाची छोटी गाडी, २००५ साली आलेल्या त्या दोन सिलिंडरच्या छोट्या हत्तीच्या घराण्यातली. ती खरोखर जास्त देते. सासऱ्याला हे पचत नाही. "तो हत्ती नव्हं, शेळी हाय," ते म्हणतात. "शेळी कमी खाती, ह्यात कौतुक काय?" जावई मान राखून गप्प बसतो आणि वर्षअखेरीला पैसे शिल्लक टाकतो.

यंदा कांद्यानं साथ दिली म्हणून नवी पिकअप घ्यायचं ठरलं. आप्पा मंडळींना घेऊन शोरूमला गेले. विकणारा मुलगा तरतरीत. त्यानं मोबाईल पुढं धरला. "काका, आता गाडी कुठं आहे, किती चालली, डिझेल किती गेलं, सगळं इथं दिसतं. घरबसल्या. काकूंच्या फोनवर पण टाकून देतो."

काकूंनी लगेच पर्समधून फोन काढला. आप्पांनी मुलाला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "हे नसलेली कितीला पडती?"